सांजवेळच्या मजुराचे वेतन

आज नाताळ. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबच्या शिवारात या दिवसांत कापसाची वेचणी चालते. सायंकाळी काटा लागतो. जेवढे वजन, तेवढी मजुरी. येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दृष्टांत मात्र या हिशेबात बसत नाही. पहाटेपासून राबणाऱ्यांना धन्याने जे वेतन दिले, तेच दिवस मावळण्यास तासभर उरला असता आलेल्यांच्याही हाती ठेवले. सकाळचे मजूर कुरकुरले. आणि आम्हांस विचाराल तर ते स्वाभाविकच होते! परंतु ख्रिस्ती आशेचे मर्म तेथेच आहे. तारण कमाईने नव्हे, कृपेने लाभते. आणि श्वास आहे तोवर कोणासही त्याचे दार बंद नाही. अजामिळाची कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्या आपल्या घरांना हे अगदीच परके वाटू नये. भेद आहे तो असा की, ख्रिस्ती श्रद्धा पुढील जन्माची मुदत मानीत नाही. जे साधावयाचे ते याच देही.

तुकोबांच्या अभंगवाणीवर पोसलेले नारायण वामन टिळक ही आशा धरून १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्याचे मोल लक्ष्मीबाईंनी दीर्घ विरहाने चुकविले. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या मनाची खात्री पटल्यावरच. पतीच्या मागून केवळ धर्म म्हणून नव्हे. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यांनी त्यात जागा दिली.