आज्ञा ऐकणारं एक तरी असू द्या!

"मामा, हे काय घेऊन बसलात? काळा पडदा, पांढरी अक्षरं! पन्नास वर्षांपूर्वीचं काहीतरी. फोनसमोर नुसतं बोला ना, तो लिहून देईल."

दिवाळीत अकोल्याहून आलेल्या आमच्या भाच्यानं हे ऐकवलं आणि खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सूनबाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "राहू द्या हो, बाबांना हौस आहे."

हौस! पंचाहत्तरीच्या माणसानं काही मन लावून केलं की त्याला हौस म्हणायची पद्धत आहे. शेजारच्यांची गुलाबाची कुंडी, साठे सरांची पेटी आणि बाबांचं व्हिम. समोर चिवड्याची बशी होती म्हणून त्या दिवशी गप्प बसलो. आज इथं बोलतो. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. किंबहुना म्हणूनच लिहितो आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिक्स नावाच्या प्रणालीत मजकूर लिहिण्यासाठी १९६९ साली केन थॉम्प्सन यांनी 'ईडी' नावाचा संपादक तयार केला. त्याला आज्ञा द्यायची आणि त्यानं ती पाळायची. आज्ञा चुकली तर तो नुसतं एक प्रश्नचिन्ह दाखवायचा. (आमचे गणिताचे गुरुजी वहीत असंच करायचे. कुठं चुकलं ते तुम्ही शोधा!) पुढं १९७६ च्या सुमारास बर्कलीच्या बिल जॉय या विद्यार्थ्यानं 'व्हीआय' लिहिला, आणि ब्राम मुलेनार या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये त्याचाच सुधारलेला अवतार, 'व्हिम', लोकांना दिला. यात मेनू नाही, चित्रं नाहीत, माउस लागत नाही. सगळं बोटांवर आणि डोक्यात.

आता माझं भांडण 'सोपं' या शब्दाशी आहे.

सौ.नं १९८५ पासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तिचं माहेर अकोट तालुक्यातलं. सुटी लागली की ती माहेरी जायची, म्हाताऱ्या बायांजवळ बसायची, वह्या भरून आणायची. २००३ साली अकोल्याच्या एका डीटीपीवाल्याकडून आम्ही त्या टाइप करून घेतल्या. सोपं होतं. पैसे दिले, सीडी घेतली. वह्यांना वाळवी लागली होती, त्या टाकून दिल्या. सीडी आहे ना!

२०१६ मध्ये सौ. गेली. वर्षश्राद्धाला निवडक ओव्यांची पुस्तिका काढावी म्हणून सीडी उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. व्ही, के, एस, ओ, एच. असलीच पानंच्या पानं. दुकान कधीच बंद झालेलं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते टाइप केलं होतं ते आमच्या नव्या संगणकावर चालेना. तेरा वर्षांत अठरा वर्षांचं काम मुकं झालं होतं.

कारण पुढं कळलं. त्या काळच्या मराठी फाँटात मराठी नव्हतंच! मशीनच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच होती. फाँट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. डी दाबला की 'क' दिसायचा, जी दाबला की 'ह'. मुखवटा गेला की खालचा चेहरा उघडा. ते 'व्ही, के, एस, ओ, एच' म्हणजे काय होतं ठाऊक आहे? 'ओवी'.

माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा अमरावतीत संगणक शिकवायचा. त्यानं दोन संध्याकाळी घरी येऊन व्हिम दाखवलं आणि म्हणाला, "सर, बदलायचं कसं ते मी सांगतो. काय बदलायचं ते तुम्हीच ठरवा. मले शुद्धलेखन येत नाही." (हे खरं आहे. मीच त्याला मराठी शिकवलं.)

पुढचे चार महिने मी अदलाबदलीच्या आज्ञांची एक फाइल लिहिली. शेवटी नव्वदेक ओळींची झाली. आणि मंडळी, ते संगणकाचं काम नव्हतं, ते व्याकरणाचं काम होतं! ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण उच्चारात येते नंतर. जुना फाँट दिसण्याप्रमाणं साठवतो, युनिकोड उच्चाराप्रमाणं. म्हणून प्रत्येक वेलांटीला पुढच्या अक्षराच्या पलीकडं न्यायचं, मध्ये अर्धं अक्षर असेल तर त्यालाही ओलांडून. रफाराचं उलटं. तो डोक्यावर दिसतो म्हणून मागून टाइप केलेला, पण उच्चार आधी. त्याला मागं आणायचं. वर्गात चाळीस वर्षं जे तोंडानं सांगितलं ते पहिल्यांदाच कुणीतरी शब्दशः ऐकत होतं.

पहिल्यांदा सगळं छान झालं असं वाटलं. मग फाइलीत 'ओवी' हा शब्द शोधला. एकही सापडेना! समोर डोळ्यांना दिसत होता, शोधला की नाही. दोन दिवस डोकं धरून बसलो. चूक माझीच होती. जुन्या फाँटात 'अ', काना आणि मात्रा असे तीन तुकडे मिळून 'ओ' व्हायचा. मी आधी दोन तुकड्यांचा 'आ' करून टाकला आणि मात्रा त्याच्यावर तशीच राहिली. दिसायला 'ओ', आतून 'आ'वर मात्रा. तिन्ही तुकड्यांची आज्ञा दोन तुकड्यांच्या आधी घातली, फाइल पुन्हा चालवली आणि चारशे बारा ओव्या मोजून मिळाल्या.

आता सांगा, हे फोनसमोर बोलून झालं असतं?

"पण मामा, आता एआय आहे. त्याला दिलं तर चुटकीसरशी करील."

करील. मीही गंमत म्हणून फोनला एक ओवी बोलून दाखवली. त्यानं माझं 'मले' घेतलं आणि 'मला' लिहिलं. 'काऊन'चं तर 'कानून' केलं! वऱ्हाडातली बाई जात्यावर बसून कायदा गाऊ लागली. हसू नका. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या बायांना शाळेत 'तुमचं बोलणं अशुद्ध' म्हणून आम्हीच गप्प केलं (हो, आम्हीच, मीही त्यात होतो), त्यांच्या ओव्याही आता एक यंत्र सुधारून देणार. विचारणारही नाही. आणि वाचणाऱ्याला कळणारही नाही की इथं 'मले' होतं. व्हिमला मराठी येत नाही. प्रमाण येत नाही आणि वऱ्हाडीही येत नाही. म्हणूनच तो माझ्या बायकोच्या शब्दाला हात लावत नाही. सांगितलं तेवढंच करतो. या वयात घरात सांगितलेलं ऐकणारं एवढं एकच उरलंय, तेही काढून घेता?

दुसरा आक्षेप वयाचा. "हे तरुण प्रोग्रामर लोकांचं. तुमच्यासाठी माउसच बरा." उलट आहे! माझ्या उजव्या हाताला कंप आहे. माउसचा बाण एका बारीक चौकटीवर नेऊन, न हलवता, पटकन दोनदा दाबणं हे माझ्यासाठी सुईत दोरा ओवण्यासारखं आहे. क्लिक होईपर्यंत बाण शेजारी सरकलेला असतो. कळ मात्र जागची हलत नाही. दोनदा डी दाबलं की ओळ गेली. चुकून गेली? यू दाबा, परत आली. मागचीच आज्ञा पुन्हा हवी? टिंब दाबा. बिल जॉयनं हे केलं तेव्हा तो टेलिफोनच्या तारेवरून अतिशय संथ जोडणीवर काम करत होता. थोडक्या कळांत जास्त काम व्हावं, ही त्याची अडचण होती. माझीही तीच आहे. त्याची तार संथ होती, माझी बोटं.

आणि वीज! अमरावतीत राहून भारनियमन विसरलेला माणूस मला दाखवा. लिहिता लिहिता दिवे गेले की व्हिम स्वतःच राखून ठेवलेल्या फाइलीतून जवळजवळ सगळं परत देतो. पहिल्याच दिवशी मला बाहेर पडता येईना म्हणून मी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, तरी मजकूर शाबूत! (त्यात लाज वाटायचं कारण नाही. 'व्हिममधून बाहेर कसं पडायचं' हा प्रश्न एका प्रसिद्ध संकेतस्थळावर २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. त्यातले बहुतेक इंजिनिअर असणार!)

आता माझ्या बाजूचं खोटं बोलणार नाही. टर्मिनलमध्ये मराठी वाईट दिसतं. जोडाक्षरं तुटतात, काही ठिकाणी वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात. आणि आज्ञा सगळ्या इंग्रजी अक्षरांच्या. कळफलक मराठीवर राहिला की गंमत बघा. इनस्क्रिप्टमध्ये एच, जे, के, एल या हालचालीच्या कळा म्हणजे प, र, क, त. दोनदा डी दाबावं तर नुसते दोन पाय मोडलेले! शेवटी मी माझा स्वतःचा कीमॅप लिहून घेतला. लिहिताना मराठी, आज्ञा देताना आपोआप इंग्रजी. तशी सोय व्हिममध्ये मुळातच आहे, फक्त आपण मराठी लोकांनी ती वापरायची तसदी घ्यावी लागते. दोष कुणाचा? हत्यार बनवणाऱ्याचा की आमचं एवढं सोपं करून द्या म्हणत हात बांधून बसलेल्यांचा?

माझ्यासारख्या मराठी माध्यमातून बीए केलेल्या माणसाला इंग्रजीची भीती असायला हवी. पण इथं इंग्रजी नाहीच, व्याकरण आहे. आधी क्रियापद, मग संख्या, मग कर्म. काढ, दोन, शब्द. बदल, वाक्य. क्रियापद आधी येतं एवढंच परकं, बाकी शुद्ध आज्ञार्थ! दहा क्रियापदं आणि दहा कर्मं शिकलात की शंभर आज्ञा येतात, पाठ न करता. मेनूतली शंभर चित्रं मात्र शंभरदा शोधावी लागतात, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांची जागा बदललेली असते. शाळेत मुलांना संगणक म्हणून आपण काय शिकवतो? कुठल्या चित्रावर टिचकी मारायची ते. म्हणजे भाषा न शिकवता बोट दाखवायला शिकवणं. असलं मराठी कुणी शिकवलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

मुलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. मला एकदम आमच्या अकोल्याच्या दुकानाची आठवण झाली आणि पोटात गोळा आला. पण काही बंद पडलं नाही. आराखडा सगळ्यांसाठी उघडा होता, इतरांनी काम पुढं नेलं. या गृहस्थांनी व्हिम सगळ्यांना फुकट दिलं. कित्येक वर्षं त्याच्या पहिल्या पडद्यावर विनंती असायची, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. गाडगेबाबांच्या जिल्ह्यातल्या माणसाला यापेक्षा जास्त ओळख करून द्यावी लागत नाही.

तेव्हा भाचेबुवा, सगळ्यांनी व्हिम वापरावं असा माझा हट्ट नाही. पण दोन गोष्टी ऐका. घरातलं जे काही मोलाचं लिखाण आहे, आजोबांची पत्रं, आत्याच्या पाककृती, ते युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा. कुठल्याही एका दुकानावर, फाँटावर, कंपनीवर विसंबून ठेवू नका. आणि ज्या यंत्रावर लिहिता त्याला आपण सांगतो की ते आपल्याला सांगतं, एवढं अधूनमधून तपासा.

कुणाकडं जुन्या फाँटातल्या सीड्या, फ्लॉपी पडल्या असतील तर अमरावतीला घेऊन या. नव्वद ओळींची फाइल तयार आहे, चहाही मिळेल.

सौ.च्या फाइलीत एका ओवीत 'ऊन' ऱ्हस्व पडलंय. तिचं नेहमीच चुकायचं, मी नेहमी दुरुस्त करायचो, त्यावरून वादही व्हायचे. दोन कळांचं काम आहे. अजून केलेलं नाही.