रक्ताची प्रदक्षिणा

पानिपतजवळच्या काला अंब या ठिकाणाचा मराठी वाचकांना निराळा परिचय करून द्यावयास नको. १४ जानेवारी १७६१ च्या रणकंदनाचे स्मारक तेथे उभे आहे. रणभूमीवर सांडलेल्या रक्ताने तेथील आम्रवृक्ष काळा पडला, अशी लोककथा आहे. वृक्षाचे काहीही असो, सांडलेले रक्त काळवंडते हे मात्र खरे. रक्तातील तांबड्या द्रव्यात, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये, लोह असते. हवेत उघडे पडून वाळताना त्यात बदल होतो आणि लाल रंग काळसर होत जातो.

शरीरात असताना हेच रक्त अखंड प्रदक्षिणा घालीत असते. आपले हृदय मुठीएवढे असते. त्याचे चार कप्पे असतात : वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. शरीरभर फिरून आलेले गडद रक्त उजव्या बाजूस येते व तेथून फुप्फुसांत जाते. तेथे प्राणवायू घेऊन ते तेजस्वी लाल होते, डाव्या बाजूस परतते आणि महारोहिणीतून सर्वांगास पोहोचते. डाव्या जवनिकेस ते दूरवर लोटावयाचे असल्यामुळे तिची भिंत सर्वांत जाड असते.

रक्त यकृतात तयार होऊन शरीरात खर्ची पडते, असे युरोपात शतकानुशतके मानले जाई. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी साधा हिशेब मांडला. आजच्या मापाने तो असा : एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटास ७० ठोके धरले, तर अर्ध्या तासात जवळजवळ दीडशे लिटर रक्त हृदयातून जाते. शरीरात रक्त असते अवघे पाच लिटर! तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे. हार्वे यांचा ग्रंथ १६२८ साली, शिवजन्माच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध झाला. रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्या माल्पिघी यांनी १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

पायांकडील रक्त वर कसे चढते? नीलांत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात आणि चालताना पोटऱ्यांचे स्नायू त्यांना दाबतात. हात खाली सोडा, शिरा फुगतील. डोक्यावर धरा, त्या ओसरतील. मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवा.

वाचकहो, ही प्रदक्षिणा खंडित झाली तर काय होते, हे त्या रणांगणाने पाहिले. सुमारे दोन लिटर रक्त वाहून गेले की प्राण संकटात येतो. रोहिणी तुटली तर लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळते; नीलेचे गडद रक्त संथ वाहते. दोन्ही प्रसंगी स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी, वारंवार उचलून पाहू नये आणि तत्काळ वैद्यकीय मदत मागवावी.

रक्तगटांचा शोध लँडस्टायनर यांनी १९०१ साली प्रसिद्ध केला, आणि एकाचे रक्त दुसऱ्यास निर्धास्तपणे देण्याचा मार्ग मोकळा झाला. पानिपतच्या जखमींना हे भाग्य लाभले नाही. आज निरोगी प्रौढाने दिलेले ३५० मिलिलिटर रक्त एखाद्या अपरिचिताच्या हृदयातून फिरू लागते. भूमीवर सांडलेले रक्त काळे पडते. दान केलेले मात्र कोणाच्या तरी देहात पुन्हा लाल होते.