पीएच.डी.चे दार आणि मोडीचे कागद

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये पीएच.डी.चे नवे नियम लागू केले. एम.ए.ला 55 टक्के हवेत. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी मिळवणाऱ्यालाही थेट अर्ज करता येतो. राखीव व आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्क्यांची सवलत आहे. इथवर आमची तक्रार नाही.

तक्रार पुढच्या पायरीची आहे. 2024 पासून प्रवेशासाठी नेटचे गुण धरायचे ठरले. फेलोशिपवाले मुलाखतीवर जातात, बाकीच्यांना 70 टक्के भार नेटचा आणि 30 टक्के मुलाखतीचा. हे गुण चालतात एकच वर्ष. (पहिलीच जून 2024 ची परीक्षा दुसऱ्या दिवशी रद्द झाली, ते सोडा.) मराठी विषय घेतला तरी पहिला पेपर हिंदी वा इंग्रजीतच.

मंडळी, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा या दरबारांचे जुने मराठी कागद मोडीत आहेत. ते वाचणारा संशोधक चार पर्यायांवर खूण करण्यात हुशार असेलच असे नाही. मोडी येते की नाही, हे कळायला जागा उरते ती त्या 30 टक्क्यांतच. मराठी आणि इतिहास विभागांनी मुलाखतीत उमेदवारापुढे मोडीचा एक कागद ठेवावा, एवढीच आमची मागणी.

आणि आपणही नुसते गणेशोत्सव करून थांबू नये. घरातल्या आजोबांना मोडी येत असेल, तर मंडळाच्या सभागृहात रविवारचा वर्ग आजच सुरू करता येईल. पहिल्या पेपरची तयारीही तिथेच व्हावी. सभागृह दुपारी रिकामेच असते.