तिसरी खुर्ची

'काँग्रॅट्स! आजपासून तू टीम लीड!' हे वाक्य ऐकलंय कधी? ऐकलं असेल, तर त्या रात्रीची पार्टी आणि पुढच्या सोमवारी पोटात आलेला गोळा, दोन्ही आठवत असतील.

मी गेल्या वर्षी ऐकलं, पुण्यातल्या एका एजन्सीत. मी कॉपी बरी लिहायचे, डेडलाईन पाळायचे, म्हणून पाच जणांची टीम हातात आली. सहा महिन्यांत दोघं सोडून गेले. उरलेल्यांचं काम मी रात्री जागून स्वतःच पुन्हा लिहायचे. शेवटी राजीनामा दिला आणि परत फ्रीलान्सिंग! लोह्याला घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. आईच्या लेखी मी अजून 'तिकडं पुण्यात साहेब' होते.

डिसेंबरात गावी गेले तेव्हा माळेगावची यात्रा भरली होती. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा म्हणजे आमच्याकडचा इव्हेंट ऑफ द इयर. घोड्यांचा बाजार बघून झाल्यावर काका कुस्त्यांकडे घेऊन गेले. आखाड्याच्या कडेला एक म्हातारे वस्ताद घसा फोडून डाव सांगत होते. त्यांचा पोरगा चितपट झाला. वस्तादांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि पुढच्याला लंगोट आवळायला सांगितलं.

काका म्हणाले, "पैलवान होणं येगळं अन् वस्ताद होणं येगळं." मग माझ्याकडे बघून, "तू काय करायलीस सध्या?"

सांगून टाकलं सगळं. काका फक्त 'बरं' म्हणाले. पण परतीच्या एसटीत मला फुटबॉलमधले दोन वस्ताद आठवत राहिले.

पहिला, जर्मनीचा रुडी फोलर. १९९० चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीमचा स्ट्रायकर. २००० मध्ये त्याला नॅशनल टीम दिली, तेव्हा कोचिंगचं पूर्ण लायसन्सही त्याच्याकडे नव्हतं. तरी २००२ मध्ये टीम फायनलला नेली. पण २००४ च्या युरो कपमध्ये जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली आणि साहेबांनी लगेच राजीनामा दिला. संपला? छे! बायर लेव्हरकुसेन क्लबमध्ये तो डायरेक्टर म्हणून पुढची कितीतरी वर्षं टीम बांधत बसला. २०२३ मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेनं त्याला डायरेक्टर केलं. त्याच सप्टेंबरात कोचची हकालपट्टी झाली, तेव्हा एका मॅचपुरता तोच टचलाईनवर उभा राहिला आणि फ्रान्सला २-१ हरवून परत आपल्या खुर्चीत!

'ते जर्मनीत चालतं हो,' असं म्हणणार असाल, तर गोव्यात या. सावियो मेडेरा, साळगावकर क्लबचा मिडफिल्डर. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय टीमचा हेड कोच झाला. डिसेंबरात दिल्लीत सॅफ कपच्या फायनलमध्ये अफगाणिस्तानला ४-० धुतलं. हिरो! जेमतेम तीन महिन्यांनी, मार्च २०१२ मध्ये काठमांडूला एएफसी चॅलेंज कप. ताजिकिस्तान, फिलिपिन्स, उत्तर कोरिया... तीन मॅच, तीन पराभव. आठ गोल खाल्ले, केला एकही नाही. त्याच वर्षी त्याच्या जागी डच कोच विम कोव्हरमन्स आला.

आपल्यापैकी कुणीही असतं तर फोन स्विच ऑफ करून गाव गाठलं असतं. (मी गाठलंच की!) मेडेरा मात्र फुटबॉलमध्येच राहिला आणि पुढे भारतीय फुटबॉल महासंघाचा टेक्निकल डायरेक्टर झाला. या खुर्चीवर ना टाळ्या, ना कॅमेरे. काम काय, तर कोच घडवायचे, ज्युनिअर खेळाडूंसाठी आखणी करायची.

ऑफिसात आपण हे सगळं एकाच शिडीच्या पायऱ्या समजतो. चांगलं खेळतोस? मग कोच हो. कोच म्हणून आपटलास? मग तू संपलास. पण खेळणं, खेळवणं आणि खेळाडू घडवणं हे तीन वेगवेगळे जॉब आहेत, बॉस. मी पाच जणांच्या वाट्याची मॅच एकटीच खेळत होते. ओरडून डाव सांगितला असता, तर कदाचित ते दोघं थांबले असते. पण मी त्यांना आखाड्यात उतरूच दिलं नाही.

एका मासिकानं दोन महिन्यांपूर्वी विचारलं होतं, आमच्या इंटर्न्सना लिहायला शिकवशील का? 'मला माणसं सांभाळता येत नाहीत,' असं सांगून मी टाळलं होतं. या सोमवारी त्यांना फोन करतेय. जागा अजून रिकामी असेल की नाही, देव जाणे.

आईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "म्हंजी आता मास्तरीण?"

हो आई, तसंच काहीतरी.