पट्टा नेमका कशाचा?



या अंकासाठी चंद्रपूरच्या एका व्यापारी कुटुंबाचे पत्र निवडले आहे. किराणा व कापड असा त्यांचा दोन पिढ्यांचा व्यवसाय असून भामरागड तालुक्यात त्यांचा माल नियमित जातो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तिकडची वाहतूक थांबते, म्हणून जवळपास आपले गोदाम असावे असे त्यांना वाटते. हेमलकसा येथे रस्त्यालगत पुढे दुकान व मागे घर अशी जागा ‘९९ वर्षांच्या पट्ट्याने’ देण्याची तयारी एका मध्यस्थाने दाखविली आहे. कागद पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर होईल. त्याच सुमारास धाकट्या चिरंजीवांसाठी नागपुरात एक सदनिका पाहिली आहे. तिच्याखालची जमीनही पट्ट्याचीच असून त्या पट्ट्याची आठ वर्षे शिल्लक आहेत. दोन्ही व्यवहारांत मिळून घरातील बहुतेक संचय गुंतणार आहे. वडील बंधूंचे मत असे की पट्टा तो पट्टाच, एक घेण्याजोगा असेल तर दुसराही घेण्याजोगा आहे. धाकट्या बंधूंना ते पटत नाही, म्हणून त्यांनी सदराकडे विचारणा केली आहे.

धाकट्या बंधूंची शंका रास्त आहे. ‘पट्टा’ हा शब्द आपल्याकडे किमान चार निरनिराळ्या कागदांना लावला जातो आणि बहुतेक फसगत या एका शब्दामुळे होते. पहिला खाजगी मालकाने दिलेला भाडेपट्टा. दुसरा शासनाने किंवा सुधार प्रन्यासासारख्या संस्थेने दिलेला दीर्घ मुदतीचा पट्टा. विदर्भातील नझूल जागा याच वर्गात येतात. तिसरा वनहक्क पट्टा. चौथा कागद तर पट्टाच नव्हे. ग्रामपंचायतीच्या घरकराची पावती किंवा नमुना आठचा उतारा पुढे करून लोक त्यालाच पट्टा म्हणतात. कर भरला एवढेच त्यावरून सिद्ध होते, मालकी नव्हे.

हेमलकशाची जागा

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून हेमलकसा हे नाव महाराष्ट्राला परिचित झाले. कायद्याच्या दृष्टीने मात्र या परिसराची ओळख वेगळी आहे. हा मुलूख संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथील मूळ रहिवासी माडिया गोंड आहेत आणि भोवताली बहुतांश वनजमीन आहे. त्यामुळे येथे जागा घेण्यापूर्वी ती जमीन तीनपैकी कोणत्या प्रकारची आहे हे पाहिले पाहिजे.

जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६-अ लागू होते. ही तरतूद ६ जुलै १९७४ पासून अमलात आहे. तिच्याप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, दान, अदलाबदल, गहाण किंवा पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने पूर्वमंजुरीविना जाऊ शकत नाही. पट्टा किंवा गहाण पाच वर्षांपर्यंतचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्याहून अधिक मुदत असेल किंवा विक्री असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीपूर्वी राज्य शासनाची मान्यता लागते. अनुसूचित क्षेत्रात परस्पर संमतीच्या खरेदीसाठी ग्रामसभेची पूर्वसंमतीही आवश्यक आहे. अशी मंजुरी नसताना नोटरीसमोर केलेल्या ९९ वर्षांच्या कागदाला काहीही बळ नाही. जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी करू शकतात. हस्तांतरण बेकायदा ठरल्यास जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन शासनाकडे जाते आणि मूळ आदिवासी खातेदाराला ती परत देऊ केली जाते. त्यावर बांधलेल्या दुकानाचा खर्च आपल्या खातेवहीत बुडीत म्हणूनच मांडावा लागतो.

जमीन वनहक्काची असेल, तर प्रश्नच मिटतो. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ४(४) प्रमाणे हा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही वा हस्तांतरित करता येत नाही. म्हणून कोणी ‘माझ्याकडे सरकारी पट्टा आहे’ असे म्हणून वनहक्काचे प्रमाणपत्र दाखविले, तर तो मनुष्य खोटे बोलत नसेलही. पण त्या कागदावर आपला व्यवहार उभा राहणार नाही.

जमीन वनाची असेल, तर १९८० चा वन संवर्धन कायदा आड येतो. केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेवाचून अशी जमीन खाजगी व्यक्तीला पट्ट्याने देता येत नाही. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत आणखी एक नोंद बारकाईने पाहावी, ती म्हणजे ‘झुडपी जंगल’. ही नोंद महसुली कागदांत असली तरी २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनींना वनच मानले आहे.

काही मंडळी यातून एक पळवाट सुचवितात. जागा विश्वासातील एखाद्या आदिवासी कामगाराच्या नावाने घ्यावी आणि पैसे आपण द्यावेत, असा तो सल्ला असतो. तो कधीही ऐकू नये. बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा १ नोव्हेंबर २०१६ पासून कडक झाला आहे. मालमत्ता जप्त होणे, एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. ज्याच्या नावे कागद होतो तो गरीब मनुष्यही या आरोपात ओढला जातो.

येथे एक गोष्ट आपण व्यापारी मंडळींनी मोकळ्या मनाने समजून घ्यावी. हे कायदे व्यापाराला अडविण्यासाठी झालेले नाहीत. उधारी, तारण आणि अंगठा या मार्गांनी आदिवासींच्या जमिनी सावकार व व्यापारी यांच्याकडे जात होत्या, म्हणून ते करावे लागले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या शेतजमिनी परत करण्यासाठी वेगळा कायदाही झाला आणि तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू आहे. म्हणूनच आजचा विक्रेता बिगर-आदिवासी असला तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. सातबारासोबत १९५७ पासूनचे सर्व फेरफार काढावेत. मागे कोठे आदिवासी खातेदाराचे नाव असेल, तर ती जमीन कोणत्या आदेशाने हस्तांतरित झाली तो आदेश मागावा. आदेश मिळाला नाही, तर व्यवहार सोडावा.

मग त्या बाजूला व्यापार वाढवूच नये काय? अवश्य वाढवावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने पाच वर्षांपर्यंतचा पट्टा घेता येतो. मात्र त्या मुदतीत वसूल होईल एवढाच खर्च बांधकामावर करावा. उचलून नेता येईल अशी पत्र्याची शेड पुरेशी ठरते. ग्रामपंचायतीचे गाळे भाड्याने मिळत असल्यास तो मार्ग अधिक सरळ आहे. स्थानिक दुकानदारांना घाऊक माल देऊन स्वतः जागेचा भार न घेणे, हाही एक शहाणपणाचा पर्याय आहे.

नागपूरची सदनिका

नागपूरचे प्रकरण निराळे आहे. नझूल म्हणजे नगरातील शासकीय मालकीची जागा; नागपूर व अमरावती विभागांत ती पुष्कळ आहे. नागपूर सुधार प्रन्यासाचे भूखंडही ३० वर्षांच्या, नूतनीकरण होऊ शकणाऱ्या पट्ट्याने दिलेले असतात. अशा जमिनीवरील सदनिका घेणे पूर्णपणे कायदेशीर आहे. फक्त आपण भिंती विकत घेत असतो आणि जमिनीवरचा उरलेला काळ, हे ध्यानात ठेवावे. म्हणून पुढील गोष्टी व्यवहारापूर्वी पाहाव्यात.

पहिली, मूळ पट्टा. विक्रेत्याने केलेला सारांश न घेता मूळ दस्ताची प्रमाणित प्रत घ्यावी. मुदत कधी संपते, नूतनीकरणाचा हक्क लिहिलेला आहे की ते पट्टा देणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि त्या वेळी भुईभाडे कसे ठरणार, ही तीन वाक्ये त्यात शोधावीत.

दुसरी, शर्तभंग. निवासी जागेत दुकान काढले, परवानगीविना मजला चढविला किंवा गॅलरी बंद करून खोली केली, तर नूतनीकरणाच्या वेळी तो दोष पुढे येतो आणि नव्या खरेदीदाराला निस्तरावा लागतो. आपल्याला पुढे खोली वाढवायची असेल, तर महानगरपालिकेच्या मंजुरीबरोबर पट्टा देणाऱ्याची संमतीही लागेल.

तिसरी, परवानगी व थकबाकी. शासकीय पट्ट्याच्या जागेचे हस्तांतरण पूर्वपरवानगीने झालेले असावे. विक्रेत्याने स्वतः घेताना ती परवानगी घेतली होती काय, हेही विचारावे. भुईभाड्याची थकबाकी नसल्याचा दाखला लेखी घ्यावा.

चौथी, संस्थेचे स्थान. पट्टा आजही बांधकाम व्यावसायिकाच्या किंवा मूळ पट्टेदाराच्या नावे आहे, की सदनिकाधारकांच्या सहकारी संस्थेच्या नावे झाला आहे? तो संस्थेच्या नावे नसेल, तर नूतनीकरणाचा अर्ज कोण करणार हा प्रश्न उभा राहतो. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यातील कलम ११ प्रमाणे संस्थेला मानीव अभिहस्तांतरण मागता येते. ते काम आठ वर्षे उरली असताना सुरू करावे, आठ महिने उरल्यावर नव्हे.

पाचवी, नोंदणी व मुद्रांक. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणी नसलेला दस्त न्यायालयात हक्काचा पुरावा म्हणून चालत नाही. महाराष्ट्रात पट्ट्याची मुदत २९ वर्षांहून अधिक असेल, तर मुद्रांक शुल्कासाठी बाजारमूल्याच्या ९० टक्के रक्कम धरली जाते. म्हणजे दीर्घ पट्टा जवळजवळ खरेदीच मानला जातो. यावरून ९९ वर्षांचा पाचशे रुपयांतील कागद किती पोकळ असतो तेही कळावे.

राज्य शासनाने ८ मार्च २०१९ च्या नियमांनी पट्ट्याच्या व भोगवटादार वर्ग दोनच्या शासकीय जमिनी अधिमूल्य भरून वर्ग एकमध्ये आणण्याचा मार्ग खुला केला आहे. नझूल जागांसाठी विशेष सवलतीही जाहीर झाल्या आहेत. दर व मुदती वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू आदेशाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातून घ्यावी. येणारे अधिमूल्य सदनिकेच्या किमतीतून वजा करून मगच भाव ठरवावा. आठ वर्षे उरलेल्या पट्ट्यावर वीस वर्षांचे कर्ज मागितले तर बँकही हाच हिशेब करील.

लंडन किंवा लेस्टर येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना हे सर्व परिचित वाटेल. इंग्लंडमध्ये बहुतेक सदनिका पट्ट्यानेच विकल्या जातात आणि उरलेली वर्षे घटली की किंमतही घटते. तेथे १९९३ च्या कायद्याने सदनिकाधारकाला पट्टा ९० वर्षांनी वाढवून मागण्याचा हक्क दिला आणि २०२४ च्या कायद्यात ९९० वर्षांची तरतूद केली. आपल्याकडे असा सर्वसाधारण हक्क नाही. दस्तात जे लिहिले तेच हाती राहते. मुदत संपल्यावर मालकाने भाडे स्वीकारले तरी जुना पट्टा जसाच्या तसा चालू होत नाही. करारात वेगळे नसेल, तर राहत्या घराचा पट्टा त्यानंतर केवळ महिन्या-महिन्याचा उरतो.

पत्रलेखक बंधूंना आमचे स्पष्ट सांगणे असे. हेमलकशाच्या त्या कागदासाठी मध्यस्थाला इसारादाखल एक रुपयाही देऊ नये. जागेचा सातबारा व फेरफार आधी पाहावेत. नागपूरच्या सदनिकेचा विचार अवश्य करावा. मात्र मूळ पट्ट्याची प्रत, पट्टा देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि संस्थेचा नूतनीकरणाचा ठराव हे तिन्ही कागद हाती आल्यावरच इसार द्यावा. वडील बंधूंनाही ते कागद स्वतः वाचावयास द्यावेत. भावाभावांतील हा मतभेद मूळ दस्त समोर असला की पुष्कळसा निवळेल.