काळजीवाहू पुरुष

कुठल्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जा आणि विचारा, "बायकांना कमी लेखणारं कोण आहे इथे?" एक हात वर होणार नाही. उलट चार जण तावातावाने सांगतील, "अहो, आम्ही तर त्यांची किती काळजी घेतो!" मंडळी, मला आज या काळजीवाल्यांशीच भांडायचं आहे. शिव्या देणाऱ्यांशी भांडायला बरेच लोक आहेत.

यावर मानसशास्त्रात रीतसर काम झालेलं आहे. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क यांनी १९९६ साली मांडलं की स्त्रियांबद्दलच्या दुजाभावाला दोन तोंडं असतात. एक उघड वैऱ्याचं: बायका डोक्यावर बसतात, कायद्याचा गैरफायदा घेतात, वगैरे. दुसरं गोडबोलं: बाई नाजूक, बाई पवित्र, तिला जपलं पाहिजे. आपल्याला वाटतं पहिला माणूस वाईट आणि दुसरा चांगला. पण २००० साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९ देशांतल्या सुमारे १५,००० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भलतंच दिसलं. जिथे वैर जास्त, तिथेच गोडवाही जास्त! आणि अशा देशांत बायकासुद्धा तो गोडवा आनंदाने स्वीकारताना दिसल्या. साहजिक आहे. बाहेर धो धो पाऊस असेल तर छत्री कोण नाकारेल? फक्त पाऊस आणि छत्री, दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे आहेत, एवढंच. त्यामुळे "आमच्या मिसेसला याचा काहीच प्रॉब्लेम नाही" हा युक्तिवाद मला ऐकवू नका.

बेल्जियममध्ये २००७ साली झालेला एक प्रयोग याहून झोंबणारा आहे. नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांसारखी परिस्थिती उभी केली. काही बायकांना उघड टाकून बोललं गेलं, काहींना गोड शब्दांत "तुम्हाला सांभाळून घेऊ" छापाचं सांगितलं. मग चाचणी घेतली. गोड बोलणं ऐकलेल्यांची कामगिरी जास्त घसरली. उघड अपमान निदान ओळखता तरी येतो. गोड बोलणं डोक्यात बॅकग्राऊंड प्रोसेससारखं चालत राहतं, "मला खरंच जमेल ना?" आणि मेमरी खात बसतं.

आता आपला कायदा बघा. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचं कलम ३० दिल्लीलाही लागू होतं. जिथे दारू दिली जाते तिथे २५ वर्षांखालचा पुरुष आणि कुठल्याही वयाची स्त्री कामाला ठेवायची नाही. म्हणजे पुरुष पंचविशीला शहाणा होतो, बाई साठीलाही नाही! हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलींचं काय, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००७ साली अनुज गर्ग खटल्यात बायकांवरची ही बंदी घटनाबाह्यच ठरली. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: धोका असेल तर धोका कमी करा, बाईचं काम काढून घेऊ नका. तरी फेब्रुवारी २०२० मध्ये, लष्करातल्या महिलांच्या पर्मनंट कमिशनच्या खटल्यात, सरकारतर्फे बाळंतपण, शारीरिक क्षमता आणि "ग्रामीण भागातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला तयार नाहीत" अशी कारणं पुढे आलीच. जवानांची अडचण, आणि बढती अडणार बाईची. कोर्टाने तेही फेटाळलं, हे नशीब.

"पण रात्रीबेरात्री काही झालं तर जबाबदार कोण?" हा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण उपाय बघा. मुलींच्या हॉस्टेलचं गेट संध्याकाळीच बंद, मुलांचं सताड उघडं. (दिल्लीत २०१५ साली 'पिंजरा तोड' म्हणत मुली रस्त्यावर आल्या त्या यावरूनच.) आम्ही सिक्युरिटीत असं करत नाही बुवा. हल्ला झाला तर हल्लेखोराचा आयपी ब्लॉक करतो. सर्व्हर बंद करून कपाटात ठेवत नाही. आणि महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामाची परवानगी देतो, अट अशी की तिची संमती हवी आणि सुरक्षेची व्यवस्था मालकाने करायची. संमती! म्हणजे आधी विचारावं लागतं.

आणि नेमकं तेच होत नाही. एका कंपनीत मी स्वतः पाहिलेलं सांगतो. ऑनसाईटची यादी ठरत होती. मॉड्यूल जिने उभं केलं तिचं नाव निघालं आणि मॅनेजर म्हणाले, "नको रे, सहा महिन्यांचं बाळ आहे तिला. बिचारीला कशाला धर्मसंकटात टाकायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. यादीत नाव लागलं ते तिच्या शेजारच्या टेबलावरच्याचं. त्याचंही बाळ सहा महिन्यांचंच होतं! त्याच्याबद्दलचं वाक्य होतं, "आता खर्च वाढलाय बिचाऱ्याचा." दोघंही बिचारेच, पण एक बिचारा विमानात बसला. खोलीत वाईट माणूस एकही नव्हता. मॅनेजर तर भलतेच सज्जन, तिच्या बारशाला चांदीचा वाळा घेऊन गेले होते. तिला हे कळलं यादी लागल्यावर. ती एवढंच म्हणाली, "मला विचारायचं तरी होतं. आई येऊन राहणार होती."

आता मी काम करतो तिथे पुढच्या महिन्यात अशीच एक यादी निघणार आहे. मीटिंगच्या आधी टीमला मेल टाकतोय, नव्याने बाप झालेल्या दोघांनाही धरून: "जायला जमेल का? उत्तर स्वतः द्या."