गृहारोग्य : एकाची गोळी, दुसऱ्याचा घात

जालन्यासारख्या कापसाच्या व पोलादाच्या शहरांत, एकाच घरीं मामंजींना हृदयविकार व सुनेस दमा असणें नवलाचें नाहीं. दोघांचीं औषधें मात्र एकाच जातीच्या कुलुपांना लागतात. पेशींच्या पृष्ठभागावर 'ग्राहक' असतात. अॅड्रिनॅलिन ही त्यांची किल्ली. १९४८ सालीं अल्क्विस्ट यांनीं त्यांचे आल्फा व बीटा असे वर्ग पाडले. पुढें बीटाचेहि भेद कळले : पहिला मुख्यत्वें हृदयांत, दुसरा श्वासनलिकांत. साल्ब्युटामॉल दुसऱ्यास चेतवून नलिका मोकळ्या करतें. जेम्स ब्लॅक यांचें प्रोप्रॅनोलॉल दोहोंस अडवितें. त्यानें हृदयाचे श्रम हलके होतात, पण दमेकऱ्याचा श्वास कोंडूं शकतो. या ग्राहकांच्या संशोधनाबद्दल लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांस २०१२ सालीं नोबेल पारितोषिक लाभलें. गृहिणींनीं यांतून घ्यावयाचा बोध एवढाच : छाती धडधडते म्हणून मामंजींची गोळी सुनेनें परस्पर घेऊं नये, डॉक्टरांस दम्याची हकीकत आधीं सांगावी.